जिवंत आमिष गळावर टिकतं कसं?

आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल, की यात एवढं बोलण्यासारखं आहे तरी काय? कोळंबी घ्यायची, गळाला टोचायची, पाण्यात सोडायची, झालं. पण ज्यांनी खाडीच्या काठी बसून एखादी रात्र गरवण्यात घालवली आहे, त्यांना माहीत आहे की त्या रात्रीतला बराचसा वेळ रिकाम्या गळावर जातो. आपण तंगूस हातात धरून वाट बघत असतो, आणि कोळंबी फेकतानाच उडून कुठेतरी पडलेली असते. किंवा कोळंबी गळावर असते, पण पहिल्या पाच मिनिटांत मेलेली असते. दोन्हींत नुकसान तेवढंच.

'आमिष' हा शब्द मुळात संस्कृत. त्याचा अर्थ मांस. म्हणून आपण सामिष आणि निरामिष जेवण म्हणतो. म्हणजे शब्दाला ते मांस जिवंत आहे की मेलेलं, याच्याशी काही देणंघेणं नाही. गरवणाऱ्याला मात्र आहे. जिताडा, तांबोशी, मरळ हे शिकार करून खाणारे मासे. समोर काहीतरी हललं, दचकलं, पळायला लागलं, की ते झडप घालतात. आपण जिवंत आमिष लावतो ते त्या हालचालीसाठी.

आणि इथेच अडचण आहे. आमिष गळावर घट्ट बसवायचं तर त्याला खोल टोचावं लागतं. खोल टोचलं तर ते मरतं. वरवर टोचलं तर जगतं, पण निसटतं. आज मला एवढंच सांगायचं आहे, की यावर उपाय जोर लावण्यात नाही, त्या प्राण्याचं शरीर ओळखण्यात आहे. प्रत्येक प्राण्यात अशी एकदोन ठिकाणं असतात, जिथे शरीर चिवट आहे आणि तिथे जीव नाही. ती ठिकाणं शोधायची.

आमिष निसटतं कधी?

आधी शत्रू कोण ते बघू. आमिष निसटण्याचे तीन क्षण असतात.

पहिला क्षण फेकीचा. समजा, तुम्ही काठी झटकून फेक केली आणि सेकंदाच्या एक पंचमांशात आमिषाला सेकंदाला २० मीटर वेग दिला. गणित केलं तर हे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साधारण दहापट येतं. म्हणजे १० ग्रॅमची कोळंबी त्या क्षणी गळाच्या छिद्राला १०० ग्रॅम वजन टांगल्यासारखी ओढते. आता तीच फेक दुप्पट वेळ घेऊन, काठी झोक्यासारखी फिरवून केली, तर ही ओढ निम्म्यावर येते. फेक थोडी जवळ पडेल, पण कोळंबीसकट पडेल. पाण्यावर आपटतानाही धक्का बसतो. आमिष पाण्याला टेकायच्या जरा आधी रिळावर बोट ठेवून तंगूस हलकेच आवळली, की आपटी कमी होते.

दुसरा क्षण पाण्यातला. हा क्षण नाही, तासभर चालणारी झीज आहे. प्रवाह आमिषाला ओढत असतो, आमिष स्वतः धडपडत असतं, आणि गळाची तार बारीक बारीक कापत जाते. साबणाची वडी तारेनं कापतात ना, तसंच. सुरुवातीला टाचणीएवढं असलेलं छिद्र हळूहळू चिरेसारखं लांब होतं. त्यात भर म्हणून आमिषचोर असतात. खेकडे कुरतडतात. केंड मासा तर चोचीसारख्या दातांनी कात्री चालवावी तसे तुकडे काढतो, आणि तुमच्या हाताला नुसती टिचकी लागल्यासारखं वाटतं.

तिसरा क्षण झडपेचा. मोठा मासा आमिष धरून ओढतो. आमिष कसंबसं लटकलेलं असेल, तर ते माशाच्या तोंडात जातं आणि गळ आपल्याकडे परत येतो.

आधी गळ बघा

पुष्कळ जण आमिषाला दोष देतात, पण दोष गळाचा असतो. मोठा, जाड तारेचा गळ लहान कोळंबीला लावला, की तिच्या अंगाला भोक नाही, भगदाड पडतं. शिवाय त्या लोखंडाच्या वजनानं ती तळाशी बसून राहते, हलतच नाही. म्हणून जिवंत आमिषाला बारीक तारेचा गळ. पण अती बारीक घेतला तर मोठा मासा तो सरळ करून जातो. म्हणून हिशेब दोन्हीकडून करायचा : आमिष केवढं आणि मासा केवढा.

नवीन लोकांसाठी एक गोष्ट. गळाचे नंबर फसवे असतात. १, २, ४, ६ असे नंबर वाढत गेले की गळ लहान होत जातो. आणि १/०, २/०, ३/० असे शून्यवाले नंबर वाढत गेले की गळ मोठा होत जातो. दुकानात हे विचारून घ्या.

दुसरी गोष्ट टोकाची. बोथट टोक कवच फोडतं, अणकुचीदार टोक कवचातून पार जातं. फुटलेल्या कवचाला भेग जाते आणि ती भेग वाढते. नखावर टोक हलकं टेकवून बघा. घसरलं तर गळाला धार लावा किंवा बदला.

कोळंबी

आता आपल्या खाड्यांमधलं सगळ्यात हुकमी आमिष. मालवणकडे सुंगटं म्हणतात ती.

कोळंबीला हाडं नाहीत, सगळा सांगाडा बाहेर आहे, म्हणजे कवच. डोक्याचा आणि छातीचा भाग एकाच ढालीखाली झाकलेला असतो. या ढालीच्या आत तिचं सगळं घरदार आहे. पुढे डोळ्यांच्या मुळाशी मेंदू, त्यामागे जठर आणि पाचकग्रंथी, मागच्या बाजूला हृदय, आणि दोन्ही बाजूंना कल्ले. जिवंत कोळंबी उजेडासमोर धरलीत तर डोक्यात एक काळसर डाग दिसतो. तिथे गळ गेला की खेळ संपला.

मग टोचायचं कुठे? दोन जागा आहेत.

पहिली जागा, कपाळावरच्या करवती शिंगाचा बुडखा. डोळ्यांच्या वरच्या बाजूला, काळ्या डागाच्या पुढे, कवच जिथे जाड आहे तिथून गळ आडवा, वरच्या वर पार करायचा. इथे आत काही नाजूक नाही. अशी टोचलेली कोळंबी पुष्कळ वेळ जगते आणि पाय हलवत पोहत राहते. पण इथे धरायला नुसतं कवच आहे, मांस नाही. जोराच्या फेकीत ते तुटतं. म्हणून ही जागा जवळच्या गरवण्यासाठी. जेट्टीवरून सरळ खाली सोडताना किंवा तरंगत्या बुचाखाली लावताना.

दुसरी जागा, शेपटीच्या पंख्याच्या अगदी आधीचा खंड. कोळंबीच्या पोटाकडच्या भागाचे सहा खंड असतात, त्यातला हा शेवटचा. आपण कोळंबी सोलताना पाठीतून जो काळा दोरा काढतो ते तिचं आतडं, ते वरून जातं. चेतारज्जू खालून, पोटाच्या बाजूनं जातो. दोघांच्या मधून गळ एका कुशीतून दुसऱ्या कुशीत आडवा काढायचा. इथे कवच आहे आणि आत भरीव स्नायूही आहे, त्यामुळे पकड चांगली मिळते. लांब फेकायचं असेल तर ही जागा.

पण याची किंमत आहे. कोळंबी घाबरली की शेपूट आत मुडपून झटक्यात मागे उडी घेते. तुम्ही गळ शेपटीतच लावलात, तर ती उडी थोडी बांधली जाते. म्हणजे पकड मिळाली, पण हालचालीतून थोडी वजा झाली. हा सौदा समजून करायचा.

एक सूचना. बालदीतून कोळंबी निवडताना अंगठ्यानं कवच हलकं दाबून बघा. नुकतीच कात टाकलेली कोळंबी मऊ लागते. मासे ती आनंदानं खातील, पण गळ तिच्यात टिकणार नाही. कडक कवचाची निवडा.

लहान मासा

बोयटं, म्हणजे लहान बोय, हे जिताड्यासाठीचं आवडतं आमिष. इथे तीन जागा आहेत.

ओठ. खालच्या ओठातून गळ वर घालून वरच्या ओठातून काढायचा. पकड चांगली, आणि ओढताना मासा नैसर्गिकपणे डोकं पुढे करून येतो. पण मासा श्वास कसा घेतो? तोंडातून पाणी आत घेतो आणि कल्ल्यांवरून बाहेर सोडतो. दोन्ही ओठ शिवून टाकलेत तर तोंड नीट उघडत नाही आणि तो गुदमरतो. म्हणून ओठांतून टोचलेला मासा संथ पाण्यात लवकर दमतो. वाहत्या पाण्यात त्यातल्या त्यात बरा राहतो.

नाकपुड्या. माशाच्या नाकपुड्या आपल्यासारख्या घशाला जोडलेल्या नसतात. त्या फक्त वास घेण्यासाठी असतात. त्यामुळे एका नाकपुडीतून दुसरीत गळ आडवा काढला तर श्वासाला काही अडथळा नाही, आणि मधला भाग चिवट असतो. मासा जरा मोठा असेल तर ही जागा उत्तम. अगदी लहान माशात मात्र तेवढी जागाच नसते.

पाठ. वरच्या पराच्या जरा पुढे, कण्याच्या बऱ्याच वर, कातडीखालून उथळ. गळ कण्याला लागला की मासा लुळा पडतो. बरोबर लागला तर मासा मोकळेपणानं पोहतो, कारण तोंड आणि शेपूट दोन्ही मोकळी. संथ पाण्यात, बुचाखाली, याच्यासारखी जागा नाही. पण ओढून घ्यायला लागलात की तो आडवा होतो, भोवऱ्यासारखा फिरतो आणि फाटतो.

शिकारी मासे भक्ष्य बहुतेक वेळा डोक्याच्या बाजूनं गिळतात, म्हणजे पर आणि काटे मागे दुमडले जातात. त्यामुळे गळ पुढच्या बाजूला असला तर झडपेच्या वेळी तो तोंडात आधी जातो. शेपटीकडे लावलेला गळ पुष्कळदा बाहेरच राहतो.

गांडूळ

गोड्या पाण्यात गांडूळ. याला ना हाड, ना कवच. मग ते ताठ कसं होतं? त्याच्या आत द्रव भरलेला असतो आणि बाहेरून स्नायूंचे दोन थर त्याला आवळतात. पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं. आता फुग्याला टाचणी लावली तर फुगा संपतो. गांडूळ लगेच संपत नाही, कारण त्याच्या आत खंडाखंडाला पडदे आहेत. एका खोलीत भोक पडलं तरी बाकीच्या खोल्या भरलेल्या राहतात.

यावरून पद्धत ठरते. हालचाल हवी असेल तर एकदा किंवा दोनदाच टोचा आणि दोन्ही टोकं मोकळी सोडा. पूर्ण वाढलेल्या गांडुळाच्या अंगावर एक जाडसर पट्टा दिसतो, तिथे पकड बरी मिळते. चोर मासे फार असतील तर गांडूळ गळाच्या दांडीवर मोजा चढवावा तसं चढवावं लागतं. टिकतं, पण वळवळ जवळजवळ संपते. काही गळांच्या दांडीवर बारीक उलटे काटे काढलेले असतात, ते खास घसरणाऱ्या आमिषासाठी.

हात बुळबुळीत होतात म्हणून लोक गांडूळ दाबून धरतात आणि तिथेच ते फुटतं. बोटांना कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा लावा, पकड सहज येते. आणि खाडीत गांडूळ नेऊ नका. खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतं आणि ते थोड्याच वेळात आक्रसून मरतं. खाऱ्या पाण्यात चिखलातले समुद्री किडे वापरतात, ते त्या पाण्यातलेच असतात.

उधाण की भांग?

मग आज यातली कुठली जागा वापरायची? कोकणातला माणूस आधी तिथी बघेल, आणि ते बरोबर आहे.

पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतं. पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं. तेव्हा पकडीला महत्त्व द्या. कोळंबी शेपटीकडून, मासा ओठातून, म्हणजे तो प्रवाहाकडे तोंड करून राहील. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मंद. तेव्हा हालचालीला महत्त्व द्या. कोळंबी शिंगाशी, मासा पाठीतून. एकाच रात्रीतसुद्धा भरती थांबते, पाणी काही वेळ स्थिर होतं आणि मग ओहोटी लागते. त्या स्थिर वेळात टोचण्याची जागा बदलणारे लोक मी बघितले आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं.

टोक मोकळं ठेवा

आमिष घट्ट बसावं म्हणून गळ संपूर्ण आमिषात लपवू नका. गळाचं टोक आणि वाकातली मोकळी जागा उघडी राहिली पाहिजे. ती भरून गेली तर झडपेच्या वेळी टोक माशाच्या जबड्यात घुसतच नाही. मासा आमिष गिळत जातो आणि गळ शेवटी त्याच्या पोटात रुततो. लहान मासा परत सोडायचा म्हटलं तरी तो जगत नाही. जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे लहान जिताडा असा पोटात गळ लागून गेला, तर उद्याची अंडी देणारी मादी गेली. हल्ली टोक आत वळलेले सर्कल हुक मिळतात. ते बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात लागतात, पण त्यांना तर वाकातली जागा मोकळी लागतेच.

मग टोक उघडं ठेवून आमिष घट्ट कसं करायचं? दोन युक्त्या. एक, सायकलच्या जुन्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा कापा. आमिष टोचल्यावर तो टोकावरून आत सरकवा, उलट्या काट्याच्या पलीकडे. आता आमिष मागे घसरत नाही. सदऱ्याला बटण लावल्यासारखं. दोन, मोठ्या आमिषाला गळ टोचायचाच नाही. सुईनं जाड दोऱ्याचा किंवा रबराचा छोटा फास नाकपुड्यांमधून काढायचा आणि गळ त्या फासात अडकवायचा. खोल समुद्रात सेलफिशसारख्या मोठ्या माशांसाठी ही पद्धत वापरतात. दोरा मऊ असतो, तो तारेसारखा कापत जात नाही, आणि गळ पूर्ण मोकळा राहतो.

बालदीपासून सुरुवात

शेवटचा मुद्दा. अर्धमेलं आमिष कितीही छान टोचलं तरी टिकत नाही. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. म्हणजे पाणी तापतं तेव्हा हवा कमी होते, आणि नेमकी तेव्हाच प्राण्यांना ती जास्त लागते. म्हणून बालदी सावलीत, आमिष मोजकं, आणि पाणी जिथून कोळंबी पागली तिथलंच. कोळंबीचं मांस आरपार दिसायचं थांबून दुधी पांढरं झालं, की समजा ती थकली. जपानमध्ये जिवंत कोळंबी थंड केलेल्या भुशात भरून बाजारात पाठवतात. ओलावा आणि गारवा असेल तर ती पाण्याबाहेरही काही तास काढते. ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवून तुम्हीही हे करू शकता. मासा मात्र असा ठेवता येत नाही, आणि त्याला हात लावायचा तो ओल्या हातानंच.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : एवढी उठाठेव करण्यापेक्षा मेलेली कोळंबी दोऱ्यानं बांधून का लावू नये?*

जरूर लावा. वासावर येणाऱ्या माशांना, उदाहरणार्थ शिंगाळ्याला, मेलेलं आमिष चालतं आणि ते हवं तेवढं घट्ट बांधता येतं. माझं म्हणणं एवढंच, की जिवंत आमिष इतकं आवळून लावायचं असेल की ते मरावं, तर मग मेलेलंच लावा. एक जीव वाचेल.

*प्रश्न : लक्षद्वीपमध्ये जिवंत मासे वापरून टुना पकडतात, ते कसे टोचतात?*

टोचतच नाहीत! तिथे काठी आणि गळानं टुना पकडतात. जिवंत लहान मासे होडीच्या टाकीत ताज्या समुद्राच्या पाण्यात सांभाळून आणतात आणि टुनाच्या थव्यात नुसते सोडतात. टुना खवळले की चकाकणारे, उलटा काटा नसलेले, आमिष नसलेले गळ टाकतात. मासा लागला की होडीत झटकायचा, गळ आपोआप सुटतो. तिथे हालचाल दाखवायचं काम एकाकडे आणि धरायचं काम दुसऱ्याकडे. आपण एकाच कोळंबीकडून दोन्ही कामं करून घेतो, म्हणून एवढा विचार करावा लागतो.

*प्रश्न : पण हे क्रूर नाही का?*

प्रश्न योग्य आहे, टाळण्यासारखा नाही. जर्मनी आणि नॉर्वेमध्ये जिवंत मासा आमिष म्हणून वापरायला बंदी आहे. ब्रिटननं २०२२ च्या प्राणी-संवेदना कायद्यात कोळंबी, खेकडे यांनाही संवेदना असलेले प्राणी मानलं आहे. ज्याला हे नको वाटतं, त्यानं मेलेलं किंवा रबरी आमिष वापरावं. जो वापरतो, त्यानं निदान एकदाच, योग्य जागी, धारदार गळानं टोचावं, आणि हवं तेवढंच आमिष पकडावं. दहा कोळंब्या वाया घालवून अकरावी टिकवण्यापेक्षा पहिलीच टिकवणं, हे त्या दृष्टीनंही बरं.

*प्रश्न : उरलेलं आमिष पाण्यात सोडून द्यावं का?*

जिथून पकडलं तिथेच सोडा. दुसरीकडून आणलेलं मात्र कधीच नाही. उत्तर अमेरिकेत ग्रेट लेक्सच्या परिसरातल्या काही जंगलांमध्ये मूळची गांडुळंच नव्हती. गरवणाऱ्यांनी उरलेली गांडुळं काठावर टाकली, ती जंगलात पसरली आणि त्यांनी तिथला पालापाचोळ्याचा थर खाऊन जमिनीचं रूप बदललं. बालदीभर परके लहान मासे एखाद्या तलावात ओतले तर तिथे काय होईल, याचा विचार करा.

वेळ संपली आहे, इथेच थांबतो. पुढच्या वेळी गरवायला जाल तेव्हा पहिली कोळंबी टोचण्याआधी ती एकदा उजेडासमोर धरून बघा. काळा डाग कुठे आहे ते दिसलं, की बाकीचं सगळं लक्षात येईल.